मत ठेवा, शिवी काढा

सकाळी सहा. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फुलांचे फोटो आणि सुप्रभात येऊन पडलेली असतात. ती मी तशीच सोडतो. रात्री दहानंतर आलेलं मात्र सगळं वाचून काढतो, कारण आमच्याकडे भांडणं रात्रीच लागतात.

आठ वाजता वाचनालय उघडतो. नोकरी ही, ग्रुपचं अ‍ॅडमिनपण गावानं सोपवलेलं. वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती वेगवेगळ्या पक्षांची माणसं खेटून बसतात, तावातावानं वाद घालतात आणि चहाला सोबत जातात. तीच माणसं ग्रुपवर एकमेकांच्या आईबापांवर घसरतात. समोरच्याचा चेहरा दिसत नसला की जीभ सुटते. म्हणून ग्रुपला नियम लावावे लागले. मतावर बोला, माणसावर नको. जातीवरून किंवा बाईच्या चारित्र्यावरून शब्द नको. बातमी टाकली तर ती कुठून आली ते सांगा. सरपंच, आमदार, पक्ष, कोणावरही टीका करायला मनाई नाही.

साडेनऊला एक व्हिडिओ आला. मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आलीय, अनोळखी कोणी दिसलं तर सोडू नका. पाठवणाऱ्याला फोन लावला.

‘बापू, हे तुम्हाला कोणी सांगितलं?’

‘मला काय माहीत, पुढनं आलंय. लोकांना सावध करायला टाकलं.’

पोलीस ठाण्यात विचारलं, तर अशी तक्रारच नाही. व्हिडिओ काढला आणि का काढला ते खाली लिहिलं. इथं मी थांबत नाही, चर्चा करत नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेपायी जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं ठेचून मारली. भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. पण पाच ठिकाणांतलं एक ठिकाण म्हणजे आमच्यासारखा अख्ख्या गावाचा ग्रुप असतो.

अकरा वाजता दिवसाचं खरं काम सुरू झालं. गावातल्या एका तरुणीनं लिहिलं होतं: आठवडा झाला नळाला पाणी नाही, नवी टाकी बांधून कोरडीच आहे, खर्चाचा हिशेब ग्रामसभेत मांडा. वाक्यं कडक होती, नावं पदांची होती, शिवी एकही नव्हती. पाचच मिनिटांत पंचायतीतल्या एकाचा फोन.

‘ते आधी काढा. गावाची बदनामी होतीय.’

‘तुम्ही उत्तर लिहा, भाऊ. तेही ठेवतो.’

‘म्हणजे तुम्ही तिच्या बाजूचे?’

मी त्यांना पालघरची आठवण करून दिली. नोव्हेंबर २०१२मध्ये मुंबई बंद का, असं फेसबुकवर विचारणाऱ्या मुलीला आणि ते लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. त्यानंतर श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम रद्द केलं. चर्चा आणि मताचा पुरस्कार, मग तो कितीही न आवडणारा असो, मोकळाच राहिला पाहिजे; बोलणं चिथावणीपर्यंत पोचलं तरच त्यावर बंधन घालता येतं, असा फरक न्यायालयानं केला. घटनेचं १९वं कलम मुख्यतः सरकारला बांधतं आणि ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हणजे सरकार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी माप मी तेच वापरतो. त्याहून चांगलं माप माझ्याजवळ नाही.

तोवर तिच्या पोस्टखाली एकानं तिच्या घराण्यावरून आणि राहणीवरून घाण लिहिलं होतं. ते काढलं. थोड्या वेळानं तिचा फोन आला. ‘दादा, अजून लिहू का? घरचे नको म्हणतायत.’ मी म्हटलं, लिहा.

नियम म्हणजे गळचेपी, असं म्हणणाऱ्यांनी हा फोन ऐकायला हवा होता. आमच्या ग्रुपवर बायका सगळं वाचतात आणि क्वचितच लिहितात. एकीला असं बोललं गेलं की बाकीच्या वर्षभर गप्प बसतात. त्या गप्प बसण्याची नोंद कुठंच होत नाही. नियम नसले की बोलायला उरतो तो फक्त दांडगा माणूस, आणि त्यालाच आपण मोकळीक म्हणत राहतो.

दुपारी वाचनालय बंद, फोनही बंद.

चारला कोणीतरी लिहिलं, अ‍ॅडमिनवरच केस टाकू. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये सांगितलंय की संगनमत नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. ते एका ओळीत कळवलं आणि पुस्तकांच्या नोंदी करायला बसलो.

साडेसहाला, ज्याचा मजकूर काढला तो स्वतः वाचनालयात आला. ‘माझं बोलणं बंद केलंत.’ मी म्हटलं, ‘मत ठेवा, शिवी काढा, परत टाका.’ तो बाकावर बसून बराच वेळ लिहीत होता. पाणीपट्टी थकवणारेच ओरडतात, असं त्यानं टाकलं. मला ते अन्यायाचं वाटलं. तरी ते ग्रुपवर आहे.

रात्री नऊला पंचायतीचं उत्तर आलं: मोटार जळालीय, दोन दिवसांत बसेल. खर्चाबद्दल अक्षर नाही. त्या तरुणीनं लगेच तोच प्रश्न पुन्हा विचारला.

दहा वाजता जुन्या सदस्यांनी सुचवलं, काही दिवस फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असं करून टाका, कटकट नको. मी नाही म्हटलं. हिशेब यायचा असताना ग्रुप बंद केला तर फायदा कोणाचा होतो, हे गावाला कळतं.

तुम्हीही कुठल्या ग्रुपचे अ‍ॅडमिन असाल तर एवढं करा: मजकूर काढलात तर कारण सगळ्यांसमोर लिहा, आणि तोच नियम आधी तुमच्या भावकीला, तुमच्या पक्षाला लावा.