रात्री साडेदहाची भूक

आमच्या पतसंस्थेत संध्याकाळी सहाला कॅश जुळवायची असते. एकोणीस वर्षं मी ते काम करते आहे. रोकड आणि किर्द यांत दहा रुपयांचा फरक राहिला तरी शटर ओढता येत नाही, दिवसभराच्या पावत्या पुन्हा काढून बसावं लागतं. त्यामुळे वजन उतरवायच्या ऑपरेशननंतर दोन वर्षांनी आहारतज्ज्ञ मॅडमनी माझी जेवणाची वही पाहून "ताई, यात हजार कॅलरीसुद्धा भरत नाहीत, मग वजन वाढतंय कसं?" असं विचारलं, तेव्हा मला मान वर करता येईना. वहीत लिहिलेलं सगळं खरं होतं. रात्री साडेदहानंतरचं मी लिहीतच नव्हते.

मी सांगलीची. वय ५१, उंची पाच फूट दोन इंच. ऑपरेशन झालं तेव्हा वजन ११८ किलो होतं आणि मधुमेहाच्या दोन गोळ्या चालू होत्या. पुण्यात माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. यात दुर्बिणीतून जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. बायपास म्हणतात ते ऑपरेशन वेगळं. त्यात जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. कुणाला कोणतं करायचं ते डॉक्टर तपासण्या पाहून ठरवतात.

पहिले पंधरा दिवस मी औषधाच्या ३० मिलीच्या कपातून डाळीचं पाणी, ताक, शहाळ्याचं पाणी घेत होते. एक कप संपवायला दहा-पंधरा मिनिटं. मग पातळ खिमट, मग मऊ भात, अंडं, पनीर. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचं. रोज साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, आणि बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या कायमच्या. तिसऱ्या महिन्यात केस मुठीनं गळायला लागले तेव्हा मी घाबरले होते, पण ते थांबलं. हे सगळं जमलं. खरं सांगायचं तर सोपं गेलं, कारण मला भूकच लागत नव्हती.

भूक लागत नव्हती म्हणजे काय, हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. जठराचा जो वरचा फुगीर भाग कापून टाकतात, तिथेच घ्रेलिन नावाचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधून काढलं. मेंदूला 'आता खा' असं सांगणारा हा निरोप्या. त्याचं घरच गेल्यावर निरोप यायचे बंद झाले. दुपारी एक वाजला हे मला मोबाईलचा गजर सांगायचा. मुलीच्या लहानपणच्या चांदीच्या वाटीत माझं जेवण मावायचं. चौदा महिन्यांत मी ७९ किलोवर आले. मधुमेहाची एक गोळी तिसऱ्या महिन्यातच सुटली, दुसरी वर्षाच्या आत.

आणि मग माझा भाऊ घरी आला. तासगावकडची आमची द्राक्षबाग बाबांच्या नावावर होती, ते गेल्यावर आम्हा दोघांची नावं लागली होती. हक्कसोडपत्राचा मसुदा त्यानं तयारच आणला होता. मी चहा केला, पोहे केले, त्याच्या मुलांची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी निबंधक कार्यालयात जाऊन सही करून आले. यांनी विचारलं, "तुला चालेल ना गं?" मी म्हटलं, "चालायचंच. माहेर तुटायला नको."

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी ओट्यापाशी उभी राहिले आणि भडंगाचा डबा काढला. लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता, तिखट, तेलानं चमकणारे चुरमुरे. एक मूठ, थोडं थांबून दुसरी, फडकं धुता धुता तिसरी. तासाभरात अर्धा डबा.

तुम्ही म्हणाल, केळ्याएवढ्या पोटात हे मावलं कसं? इथेच खरी गोम आहे. अंडं, मटकीची उसळ, चिकन असे पदार्थ त्या नळीत टिकून राहतात आणि चार-पाच घासांत पोट भरल्याचं कळतं. पण भडंग, बिस्किट, वेफर, आइस्क्रीम, चहात बुडवलेली खारी यांचा तोंडातच लगदा होतो आणि तो नळीतून सरळ खाली घसरतो. पोट तटतटत नाही, म्हणून हात थांबत नाही. थोडं थोडं, तासन्‌तास असं चरत राहिलं की ऑपरेशनला वळसा घालता येतो. कुणी हे ठरवून करत नाही. बोटांना वाट आपोआप सापडते.

त्या रात्रीबद्दल मला आज सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की मला भूक नव्हती. ऑपरेशनच्या आधीही मी रात्री खायचे, पण तेव्हा 'दिवसभर नीट जेवण झालं नाही, भूक लागली' असं स्वतःला सांगता यायचं. आता पोटातली भूक बंद होती. तरीही हात डब्याकडे गेला, म्हणजे ही दुसरीच कुठली तरी भूक होती आणि ती चाळीस वर्षं पहिलीच्या पदराआड राहिली होती. शस्त्रक्रियेनं तो पदर बाजूला केला.

पुढच्या नऊ-दहा महिन्यांत ७९ चे ८८ झाले. मी तपासणीला जायचं बंद केलं. काट्यावर उभं राहायची भीती वाटायची. "एवढा खर्च करून पुन्हा अंग धरलंस?" हे एका लग्नात चारचौघांत ऐकलं आणि त्या रात्रीही डबा निघाला. वजन वाढायला लागलेली माणसं नेमकी तेव्हाच दवाखान्यात जाणं टाळतात, हे मी नंतर रुग्णांच्या बैठकीत अनेकांच्या तोंडून ऐकलं. अशा वेळी तर धावत जावं. कारण सगळा दोष मनाचा नसतो. थायरॉईड, काही औषधं, अपुरी झोप, नळीचं सैल होणं, हे सगळं डॉक्टरांना बघावं लागतं. आणि थोडं वजन परत येणं हा शरीराचा धर्मच आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून दोन हजारांवर शस्त्रक्रिया झालेल्या लोकांचा माग ठेवला गेला. बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं, मग हळूहळू चढलं, आणि दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्के कमी होतं. शस्त्रक्रिया केलेल्यांत मृत्यूचं प्रमाणही कमी आढळलं. शेवटी मी परत गेले आणि हे आकडे डॉक्टरांनी दाखवले तेव्हा मला रडू आलं. मी एकटीच नापास झाले नव्हते.

मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी माझ्या वहीत दोन रकाने वाढवले: वेळ, आणि 'पोट की मन'. खाण्याआधी लिहायचं, खाल्लं तरी चालेल. तीन आठवड्यांनी आम्ही दोघींनी वही कॅशबुकासारखी तपासली. जिथे जिथे 'मन' होतं, त्या प्रत्येक दिवशी मी कुणाला तरी 'चालायचंच' म्हटलं होतं. साहेबांना, नणंदेला, भावाला.

त्यांनी मला हिल्डे ब्रुख या मानसोपचारतज्ज्ञ बाईंचा एक जुना विचार सांगितला. मूल कशानंही रडलं तरी त्याला खायलाच दिलं, तर भूक कोणती आणि भीती, राग, एकटेपण कोणतं हे ओळखायला ते शिकतच नाही. मला माझी आजी आठवली. पडले, गुळाचा खडा. परीक्षेत मार्क कमी पडले, शिरा. बाबा ओरडले, दुधावरची साय. तिच्याकडे द्यायला तेच होतं आणि ते प्रेम खरं होतं. मयताच्या घरी शेजारचे पिठलं-भात पाठवतात, त्यात तर माणुसकीच असते. मला एवढंच वाटतं की त्या गुळाबरोबर 'काय झालं गं?' असं कुणीतरी विचारायला हवं होतं.

आमच्या बैठकीत एक गृहस्थ येतात, बायपास झालेले. त्यांचं खाणं सुटलं आणि संध्याकाळचं पिणं वाढलं. बायपासनंतर दारू रक्तात झपाट्यानं चढते, एका पेगात दोन-तीन पेगांची नशा, आणि व्यसनाचा धोका दुसऱ्या वर्षापासून वाढलेला दिसतो. त्यांना हे आधी सांगितलं होतं, पण ऑपरेशनच्या धांदलीत कोण ऐकतं? म्हणून ऑपरेशन ठरवणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते, मानसोपचारतज्ज्ञांची भेट ही कागदावरची एक सही समजू नका. खाताना आपल्याला थांबताच येत नाही असं वाटत असेल तर ते तिथे स्पष्ट सांगा. त्यावर बोलून करायचे उपचार आहेत, ते लागू पडतात.

यंदा भाऊबीजेला मी भावाला म्हटलं, "सही केली त्याचं मला वाईट वाटलं होतं. बागेचं नाही, तू मसुदा आधीच करून आणलास त्याचं." तो बराच वेळ गप्प होता. मग "ताई, चुकलंच माझं" म्हणाला की नुसती मान हलवली, ते आता मला नीट आठवत नाही, कारण माझेच डोळे भरून आले होते. बाग त्याच्याकडेच आहे.

माझं वजन सध्या ८४ आहे. डबा घरातून हद्दपार केलेला नाही. परवा रात्री पुन्हा उठले. वहीत वेळ लिहिली, १०.५०. पुढच्या रकान्यात 'मन' लिहिलं, आणि त्याखाली त्या दिवशी काउंटरवर एक खातेदार काय बोलले ते. मग चांदीच्या वाटीत भडंग काढलं, दिवा लावला, टेबलाशी बसून एकेक दाणा चावून खाल्लं. वाटी धुऊन पालथी घातली तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. तेही लिहिलं.