एक गिटार, दोन अ‍ॅम्प : हम आणि फेज

इलेक्ट्रिक गिटारचा सिग्नल एकाच वेळी दोन अ‍ॅम्पला दिला की आवाज रुंद होतो. एक अ‍ॅम्प स्वच्छ आणि दुसरा डिस्टॉर्शनवर ठेवला तर एकाच सुराला दोन रंग मिळतात. 'रोलँड'च्या 1975 सालच्या जेसी-120 मध्ये 60 वॉटचे दोन अ‍ॅम्प आणि 12 इंची दोन स्पीकर एकाच पेटीत आहेत. दोन वेगळे अ‍ॅम्प जोडल्यावर मात्र बहुतेक वेळा दोन दोष समोर येतात: सततची हम आणि पोकळ झालेला खर्ज. त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे.

भारतात घरगुती वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची असते. हमचा मूळ सूर तोच. वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातल्या इंझोरीसारख्या गावी मंडपातला कार्यक्रम असेल, तर एक अ‍ॅम्प देवळातल्या बोर्डावर आणि दुसरा जनरेटरवर लागणे सहज शक्य आहे. दोन्हींच्या अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतो. गिटारच्या लीडचे शील्ड दोन्ही अ‍ॅम्पच्या चासीला जोडलेले असल्याने तो फरक शील्डमधून प्रवाह वाहवतो आणि अ‍ॅम्प त्यालाही सिग्नल समजून मोठा करतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. म्हणून दोन्ही अ‍ॅम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावेत. पुष्कळदा हम तिथेच निम्म्यावर येते.

आधी दोष नक्की लूपचाच आहे का, हे पाहावे. दुसऱ्या अ‍ॅम्पची लीड काढताच हम थांबली, तर लूप आहे. एकट्या अ‍ॅम्पवरही ती येत असेल आणि गिटार फिरवल्यावर कमीजास्त होत असेल, तर ती सिंगल-कॉइल पिकअपने जवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून उचललेली असते.

प्लगची तिसरी पिन काढून टाकली की हम जाते. हा उपाय कधीही करू नये. पिन नसलेल्या अ‍ॅम्पमध्ये आत बिघाड झाला तर चासीवर 230 व्होल्ट येतात आणि लीडच्या शील्डमधून थेट गिटारच्या तारांपर्यंत पोहोचतात. वादकाने त्याच वेळी माइकला हात लावला, तर प्रवाह शरीरातून जातो. 'स्टोन द क्रोज'चा गिटारवादक लेस्ली हार्वे मे 1972 मध्ये स्वान्सीच्या मंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मरण पावला.

लूप तोडण्याची योग्य जागा सिग्नलच्या तारेवर आहे. सिग्नल दोन वाटांना फोडणाऱ्या डबीच्या एकाच शाखेत 1:1 आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असावा. सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, शील्ड मात्र तिथे तुटते आणि लूप उघडतो. दोन्ही अ‍ॅम्पचे अर्थिंग शाबूत राहते. दोन्ही शाखांत ट्रान्सफॉर्मर घालू नयेत. तसे केल्यास गिटारच्या तारांना ग्राउंडच उरत नाही आणि बझ वाढतो.

फेजचा दोष शांतपणे येतो. एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात असेल, तर दोघांचा खर्ज एकमेकांना खातो. थ्री फेज विजेशी याचा संबंध नाही. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमधली नेहमीची प्रत्येक गेन स्टेज सिग्नल उलटा करते. स्टेजची संख्या एका अ‍ॅम्पमध्ये सम आणि दुसऱ्यात विषम असली की दोघे विरुद्ध होतात. फेंडर ट्विन रिव्हर्बची तर दोन चॅनेलच एकमेकांच्या उलट असतात. जुन्या जेबीएल स्पीकरमध्ये लाल टर्मिनलला धन टोक जोडले तर पडदा आत जातो, इतरांच्या बरोबर उलट.

तपासणी कानानेच करावी. अ‍ॅम्प शेजारी, आवाज सारखा, जाड ई तार मोकळी, आणि डबीवरचा फेज स्विच दोन्हीकडे करून पाहावा. खर्ज जिथे भरतो ती बाजू बरोबर. स्विच नसेल तर अ‍ॅम्प बंद करून एकाच अ‍ॅम्पच्या स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल कराव्यात. मात्र व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये.

अंतराचा दोष स्विचने सुटत नाही. उन्हाळ्यात 40 अंशांना आवाज सेकंदाला सुमारे 355 मीटर जातो, आणि जाड ई तारेचा सूर 82 हर्ट्झचा; म्हणजे ऐकणाऱ्यापासून दोन अ‍ॅम्पच्या अंतरात जेमतेम दोन मीटरचा फरक पडला की तो सूर क्षीण होतो. एकाच शाखेतल्या डिजिटल पेडलने 3 मिलिसेकंद उशीर केला, तर अ‍ॅम्प मीटरभर मागे ठेवल्यासारखेच होते. असे पेडल सिग्नल फुटण्याआधी लावावे आणि दोन्ही अ‍ॅम्प एका रेषेत ठेवावेत.