मावा, ढालकिडे आणि आपल्या वाड्या

हिवाळा सुरू झाला की वसईच्या वाड्यांतील वाल आणि चवळीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दिसू लागतो. शेंडा आकसतो, पानांवर चिकट द्रव पसरतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि शेतकऱ्याचा हात आपसूक फवारणीच्या पंपाकडे जातो. त्या क्षणी थोडे थांबून पान उलटून पाहावे, असे आम्ही सुचवू इच्छितो.

पानामागे पुष्कळदा गडद करड्या रंगाची, अंगावर फिकट ठिपके असलेली, चिमुकल्या मगरीसारखी अळी आढळते. पिकाची शत्रू समजून ती चिरडली जाते. वस्तुतः ती ढालकिड्याची अळी होय. अळी आणि प्रौढ किडा दोघेही माव्यावर जगतात. एकच अळी सुमारे दोन आठवड्यांत शेकडो मावे फस्त करते. युरोपातील लोकांनी या किड्याला पवित्र मरियेचे नाव दिले. ‘लेडीबर्ड’मधील लेडी म्हणजे मरियामाताच.

मग कीटकनाशकाने बिघडते काय? माव्याची मादी नराविना थेट पिलांना जन्म देते आणि ती पिले आठवड्याभरात स्वतः प्रजननक्षम होतात. ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ होण्यास तीन आठवडे लागतात. सरसकट मारणारे औषध फवारले की दोघेही मरतात. परंतु उरलासुरला मावा आधी सावरतो, आणि त्या वेळी त्याला खाणारे कोणीच नसते. दुसरी फवारणी पहिलीतूनच जन्मते, ती अशी. खर्च वाढतो, आणि औषधाच्या वेष्टनावर दिलेला काढणीपूर्वीचा काळ न पाळता भाजी बाजारात गेली, तर तिचा अंश आपल्याच मुलाबाळांच्या ताटात येतो.

ढालकिडा एकटा नाही. हिरवट, जाळीदार पंखांचा क्रायसोपा आपली अंडी केसासारख्या देठांवर उभी ठेवतो. त्याची अळी मावा आणि तुडतुडे खाते. कोळी आहेत. कोतवाल आणि साळुंकी अळ्या टिपतात. त्यांना बसण्यासाठी वाफ्यात इंग्रजी टी अक्षरासारखे पक्षिथांबे रोवावेत. मुंग्यांवर मात्र लक्ष ठेवावे. माव्याच्या गोड द्रवासाठी त्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात.

एक सावधगिरी. वांग्यावर दिसणारा प्रत्येक ठिपकेदार किडा मित्र नसतो. अठ्ठावीस ठिपक्यांचा हड्डा भुंगेरा वांग्याची पाने खरवडून त्यांची चाळण करतो. तो निस्तेज, तांबूस व बारीक लव असलेला असतो. त्याची अळी पिवळी आणि काटेरी. मित्र ढालकिडा गुळगुळीत, चकचकीत असतो. हड्डा व त्याची अंडीपुंज असलेली पाने हाताने वेचून नष्ट करावीत.

वांग्याच्या शेंड्यात व फळात शिरणाऱ्या अळीपर्यंतही ढालकिडा पोहोचू शकत नाही. तिथे पोखरलेले शेंडे अळीसह खुडून काढणे, कामगंध सापळे लावणे आणि अंड्यांवरच जगणाऱ्या ट्रायकोग्रामा या सूक्ष्म गांधीलमाशीची कार्डे वापरणे, हाच मार्ग. एका कार्डावर सुमारे २० हजार परोपजीवित अंडी असतात. पट्ट्या कापून त्या सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूस टाचाव्यात आणि त्या दिवसांत रासायनिक फवारणी टाळावी.

हे काही नवे खूळ नव्हे. १८८८-८९ साली कॅलिफोर्नियातील संत्र्यांच्या बागा एका खवले किडीने उजाड होऊ लागल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ढालकिड्यांनीच त्या वाचविल्या.

मित्रकीटकांना थोडे अन्न सतत लागते, हे मात्र पुष्कळांना पटत नाही. अगदी निष्कलंक वाफ्यात ते टिकत नाहीत. म्हणून बांधावर चवळी, झेंडू आणि फुलावर आलेली कोथिंबीर राहू द्यावी. मावा फारच वाढला, तर पाच टक्के निंबोळी अर्क सायंकाळी केवळ बाधित शेंड्यांवर मारावा आणि चार दिवसांनी पुन्हा पान उलटून पाहावे.