दुहेरी फुलांचे हेलेबोर

हेलेबोर ही मुख्यतः युरोप व पश्चिम आशियात आढळणारी, मोरवेल कुलातील बहुवर्षायू वनस्पतींची प्रजाती होय. आपला बचनागही याच कुलातला. हिच्या फुलात नजरेत भरणाऱ्या पाच ‘पाकळ्या’ वस्तुतः संदले असतात. त्यामुळे परागणानंतरही त्या गळून न पडता, बहुधा हिरवट होऊन, कित्येक आठवडे टिकतात. खऱ्या पाकळ्या आक्रसून केसरदलांभोवती इवल्या नळीवजा मधुकोशांच्या रूपात उरल्या आहेत. हे मधुकोश पुन्हा पसरट व रंगीत झाले की फूल दुहेरी होते. बदल अर्धवटच झाला, तर मध्यभागी आखूड झालर दिसते; अशा फुलांना ॲनेमोन-मध्य म्हणतात. ही झालर मात्र परागणानंतर गळते.

रानात अशी झाडे विरळाच. १९७१ मध्ये इंग्लंडमधील रोपवाटिकाकार एलिझाबेथ स्ट्रँगमन यांना माँटेनेग्रोत हेलेबोरस टॉर्क्वाटस या जातीची दोन दुहेरी झाडे आढळली. व्हर्जिलच्या महाकाव्यातील प्रेमिकांवरून त्यांना ‘डिडो’ व ‘इनिअस’ ही नावे मिळाली. पुढे ‘डिडो’च्या संकरांतून रॉबिन व्हाइट यांनी ‘पार्टी ड्रेस’ हा लहान, दुहेरी फुलांचा गट सिद्ध केला. बियांपासून वाढवलेली रोपे मातृरोपासारखीच निघतील याची शाश्वती नसते. एखादे फूल जसेच्या तसे राखायचे, तर झाडाचे विभाजन करावे लागते.