पालखीतला पाहुणा, तोडीचा परका

आषाढीच्या आधी इंदापूर तालुक्यातल्या सणसरला तुकोबांची पालखी मुक्कामाला असते. बारामती सोडली की काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, मग सणसर, आणि दुसऱ्या दिवशी बेलवाडीचं गोल रिंगण. त्या रात्री ओट्यावर, शाळेत, गोठ्याच्या कडेला हजारो अनोळखी माणसं झोपतात. त्यांचं आधार कार्ड कुणी बघत नाही. लेकरांना आत ओढून कडीही कुणी लावत नाही.

दिवाळी सरली की त्याच रस्त्यानं दुसरी माणसं येतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, पत्रे, पोरंबाळं. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचं धुराडं पेटायचं असतं, त्यासाठी उसाच्या फडाकडेला कोप्या उभ्या राहतात. आणि आपल्या भागातल्या कुठल्याही पारावर बोलणं सुरू होतं, "टोळ्या आल्यात. मोटार-केबल सांभाळा."

माणसं दोन्ही वेळा बाहेरचीच. मग भीती एकाचीच का? पारावरच्या त्या बोलण्यात जे गृहीत धरलेलं असतं, ते एकेक तपासून बघू.

"बाहेरचे म्हणजे परप्रांतातले." ऊसतोड मजूर बहुतेक बीड, अहिल्यानगर, जालन्याकडचे. मराठी बोलणारे, पंढरीची वारी करणारे. परकं ठरायला परभाषा लागतेच असं नाही, फाटकी कोपीही पुरते.

"उचल घेतात आणि पळतात." ही तक्रार सगळीच खोटी नाही. मुकादमानं पैसे घेतले आणि टोळी आणलीच नाही, असे प्रकार होतात. त्यात गावोगावचे वाहतूकदार पोळले आहेत. पण हिशेब नीट बघा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. त्या जोडीला मुकादमाकडून हंगामाआधी मिळते ती उचल, म्हणजे बक्षीस नव्हे, अंगावरचं कर्ज. ते फिटतं टनावर. पहाटेच्या थंडीत ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचे दर 34 टक्क्यांनी वाढले, तेव्हा टनाला 366 रुपये झाले, तेही दोघांत मिळून. हंगाम संपेपर्यंत घरची बाई आजारी पडली तर खाडा आणि त्याचा दंड. पळण्याची सोय कुणाला असते आणि कुणाला नसते, हे यावरून समजावं. मुकादमाचा राग कोयत्यावर काढणं म्हणजे सावकार सोडून कुळाला धरणं.

"हा बागायती पट्टा आम्ही गाववाल्यांनीच उभा केला." घाम गाववाल्यांचा आहेच. पण नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास वाहू लागला, तेव्हा पाटाच्या पाण्यावर ऊस-बागायत करायला सासवडचे माळी खाली उतरले. पुढे त्यांनीच माळीनगर वसवलं. याच इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद आले. सोलापूरचे, गुजराती जैन घराण्यातले. 1930 च्या दशकात त्यांनी साखर कारखाना काढला आणि भोवती वालचंदनगर उभं राहिलं. तिथल्या कारखान्यात पुढे इस्रोच्या अग्निबाणांचे भाग तयार झाले. पैसेवाला परका आला की त्याच्या नावाचं गाव होतं. कोयतेवाल्याच्या नावाची तर मस्टरलाही नोंद नसते, ती मुकादमाच्या वहीत असते.

"ती जातच तसली." पारध्यांबद्दल हे वाक्य अजून बिनदिक्कत बोललं जातं. ही समजूत परंपरेतून आलेली नाही, कायद्यातून आली. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पोरावर जन्मतःच शिक्का बसला. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली वसाहत होती. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा गेला. तार निघाली, पण जिभेवरचा शब्द गेला नाही. नीरेपलीकडच्या फलटण तालुक्यातल्या लक्ष्मण माने यांनी आत्मकथनाला 'उपरा' हे नाव दिलं, ते काही अलंकार म्हणून नव्हे.

"पोरं पळवणारी टोळी फिरतेय." सगळ्यांत घातक समजूत हीच. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथं आले. बहुतेक मंगळवेढ्याकडचे, म्हणजे पंढरपूरच्या शेजारचे. पोरं पळवणारे असल्याच्या संशयावरून जमावानं त्यांना ठेचून मारलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलेलं नव्हतं. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा अफवेच्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या संस्थेनं मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. कुणीतरी तिचा शेवटचा खुलासा कापून टाकला, एवढंच. दोन वर्षांनी, 16 एप्रिल 2020 ला, पालघरच्या गडचिंचल्यात अशाच अफवेनं दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. भगवी वस्त्रंसुद्धा वाचवू शकली नाहीत.

लेकराबाळांची काळजी खरी आहे, फक्त ती चुकीच्या दिशेला बघते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात वर्षानुवर्षं एकच चित्र दिसतं: बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीतला असतो. घरचा, शेजारचा, नात्यातला.

तुकोबांची पालखी देहूहून निघते, तेव्हा तिची पहिली आरती अनगडशहा फकिराच्या दर्ग्यापाशी होते. परक्याच्या दाराशी थांबून मगच पुढं जायचं, हा त्या वाटेचा रिवाज आहे. सणसर त्याच वाटेवर आहे.

तेव्हा फडाकडेला कुणी अनोळखी दिसलं तर आधी विचारा, कुठून आलात, पाणी हवं का. तरीही संशय राहिलाच तर 112 ला फोन करा. मुलाचा प्रश्न असेल तर 1098. मात्र पोलीस येईपर्यंत माणसाला कोंडून ठेवू नका. राईनपाड्यात त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयातच कोंडलं होतं.