छंदाच्या तोफेचे मोल

विजापूरची ‘मुलुख-ए-मैदान’ ही तोफ 1549 साली अहमदनगरास ओतली गेली. 1854 साली इंग्रजी अमदानीत निरुपयोगी माल म्हणून तिचा लिलाव पुकारला, तेव्हा सर्वांत वरची बोली आली अवघी 150 रुपयांची! रक्कम क्षुल्लक वाटल्याने विक्री रद्द झाली व तोफ वाचली. गिऱ्हाइकाची बोली म्हणजे वस्तूचे मोल नव्हे, हे घरच्या लेथवर पितळी तोफा करणाऱ्या आम्हां हौशी मंडळींनी ध्यानात ठेवावे.

मग किंमत ठरवावी कशी? समजा, चार इंची तोफेस 300 रुपयांचे पितळ लागले. नळी कातणे, गाडा, चाके, पॉलिश यांत सहा तास गेले. तासास 150 धरले तर मजुरी 900. हत्यारांची झीज, वीज व बिघडलेल्या नगांचा वाटा 200. ही 1400 रुपये झाली लागत. दुकानदाराचे कमिशन व नफा तिच्यावर चढतो. महाग वाटते? मग सहा नळ्या एकाच जुळणीत काढाव्या. तास घटतात, लागत उतरते.

‘हौसेला मजुरी कसली?’ म्हणून आम्ही 500 रुपयांस तोफ दिली, तर आमचे काही बिघडत नाही. पण ज्या कारागिराचे पोटच लेथवर आहे, त्याचा दर आम्ही पाडतो.

आणखी एक पथ्य: बत्तीचे छिद्र पाडू नये. दारू भरून गोळा फेकणारी तोफ, लहान असली तरी, 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. तोफ शोभेचीच असावी. दाम मात्र खरे असावे.