गणवेशाची गोष्ट (भाग ९) : माळ कंपासपेटीत ठेवली तेव्हा

या आठवड्यात महिला बचत गटांच्या शिलाईचा हिशेब मांडायचा होता. आकडे काढून ठेवलेही होते. पण मुस्लिम मुलींच्या स्कार्फवरचा मागचा भाग वाचून खोपोलीजवळच्या एका गावातून एका आईंचं पत्र आलं आणि हिशेब बाजूला राहिला. त्यांचा सहावीतला मुलगा कार्तिकीला आजोबांबरोबर पायी आळंदीला गेला आणि गळ्यात तुळशीची माळ घालून परत आला. शाळेत त्याला सांगितलं गेलं की माळ गणवेशात बसत नाही, काढून ये. आई विचारतात, 'राखी आठवडाभर मनगटावर चालते, मग माळ का नाही? आणि तुम्ही स्कार्फवर एवढं लिहिलंत, आमच्या माळेचं काय?'

या प्रश्नाला अख्खा भाग द्यायला हवा. कर्जत-खालापुरातल्या दिंड्या दरवर्षी बोरघाट चढून लोणावळा, देहू करत आळंदी गाठतात. कार्तिक वद्य एकादशी येते तेव्हा दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झालेल्या असतात. म्हणजे मुलगा हजेरी बुडवून जातो आणि येतो तो माळकरी होऊन. माळ काही बाजारातून आणून गळ्यात अडकवत नाहीत. ती ज्ञानेश्वरीवर ठेवतात, मग जाणत्या माळकऱ्याच्या हातून घेतात, आणि त्या क्षणापासून नेम सुरू होतात : एकादशी, वारी, मांस-मद्य वर्ज्य. आपल्या पट्ट्यात पावसाळाभर घराघरात सुकट-बोंबलाचा वास असतो. अकरा वर्षांच्या पोराने त्या वासासमोर बसून वरणभात खायचा, म्हणजे त्याने काय सोडलंय ते बघा.

पत्र वाचलं आणि मला माझीच एक चूक आठवली. बरीच वर्षं झाली. कर्जतच्या पूर्व पट्ट्यातल्या एका शाळेत मी वर्गशिक्षक होतो. परिपाठाच्या वेळी एका मुलाच्या कॉलरमधून माळ बाहेर आलेली दिसली. साहेब तपासणीला येणार होते. मी म्हटलं, 'काढून ठेव.' तो काही बोलला नाही. माळ काढली, दोन पदरी गुंडाळली, कंपासपेटीतले कर्कटक आणि कोनमापक बाहेर काढले आणि रिकाम्या पेटीत ती ठेवली. कर्कटक खिशात घातला. दुपारी खिचडीची घंटा झाली. सगळे ओळीत बसले, हाही बसला, पण ताट तसंच. विचारलं तर म्हणाला, 'आजानं सांगितलंय, माळ गळ्यात नसली तर जेवायचं नाय.' सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. मी पेटी उघडली आणि माळ माझ्या हाताने त्याच्या गळ्यात घातली. मग तो जेवला. साहेब आले, वह्या पाहिल्या, गेले. माळेकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

तेव्हापासून मी हा विषय वाचत आलोय. त्या आईंना कायद्याचं उत्तर हवं आहे, पण ते सरळ नाही. राज्यघटनेच्या २५व्या कलमाच्या स्पष्टीकरणात शिखांच्या कृपाणाचं नाव घेतलेलं आहे, माळेचं नाही. मग न्यायालय काय बघतं? १९५४च्या शिरूर मठ खटल्यापासून एक कसोटी चालत आली आहे : ही प्रथा त्या धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का? या कसोटीवर माळ लावून बघा. सगळ्या हिंदूंना तुळशीची माळ अनिवार्य आहे का? नाही. माझ्या घरात कुणी घालत नाही. म्हणजे धर्माच्या मापाने मोजली तर माळ ऐच्छिक ठरते. पण ज्याने घेतली त्याला ती उतरवता येत नाही. ही दुसरी गोष्ट त्या कसोटीत नीट मावतच नाही. मागच्या भागात २००२चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल पाहिला, फक्त मुलींच्या शाळेत स्कार्फ न घालणं हा कुराणाचा भंग नाही असं सांगणारा. त्या मुलीला ज्या मापाने नकार मिळाला, त्याच मापाने आपल्या माळकरी मुलालाही मिळेल. स्कार्फच्या निकालावर टाळी वाजवणाऱ्या माळकऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

याहून चांगलं माप मला दक्षिण आफ्रिकेत सापडलं. डर्बनच्या मुलींच्या एका शाळेत तमिळ वंशाच्या एका विद्यार्थिनीने नाकात चमकी घातली. शाळेच्या नियमात दागिना बसत नव्हता. प्रकरण तिथल्या घटना न्यायालयापर्यंत गेलं. २००७ साली सरन्यायाधीश पायस लांगा यांनी निकाल लिहिला : चमकी धर्माने सक्तीची नाही हे खरं, पण माणूस स्वतःहून जे पाळतो त्यालाही संरक्षण आहे, आणि शाळेने तिला सूट द्यायला हवी होती. चमकी! आपल्या ठाकरवाड्यांतल्या कितीतरी मुलींच्या नाकात ती असते आणि कोणत्याही मुख्याध्यापकाच्या ती डोळ्यांवर येत नाही.

आपल्याकडे या विचाराच्या जवळ न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आले. कर्नाटकच्या हिजाब प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आले. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता एकसारखेपणाच्या बाजूने, तर धुलिया यांनी मुलीची निवड आणि तिचं शिक्षण पुढे ठेवलं. प्रकरण योग्य पीठ नेमण्यासाठी सरन्यायाधीशांकडे गेलं. चेंबूरच्या एका कॉलेजचा खटला त्यानंतरचा. हिजाब, टोपी, बिल्ले यांना बंदी घालणारी सूचना मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४मध्ये कायम ठेवली, आणि ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने तिला काही अंशी स्थगिती दिली. वर्गातला नकाब आणि बुरखा यांना ती स्थगिती लागू नव्हती. खंडपीठाने कॉलेजला विचारलं की टिळा लावणाऱ्या मुलींनाही अडवणार का, आणि नावावरून धर्म कळतो त्याचं काय करणार. आपल्या हजेरीपटावर तर नाव, आडनाव, जात सगळंच असतं.

एक वाचक मागेच म्हणाले होते की असं सगळंच चालवलं तर उद्या रंगीत गमछे येतील. ही भीती खरी आहे. २०२२च्या फेब्रुवारीत उडुपी भागात हिजाबला उत्तर म्हणून भगव्या शाली वर्गात आल्याच होत्या. पण त्या शाली महिन्याभरापूर्वी त्या मुलांच्या घरी कुणाच्या अंगावर नव्हत्या. शेजारच्या बाकावरच्या मुलीला बघून जे घातलं जातं, त्याला मी धर्माचं चिन्ह मानत नाही, आणि शाळेने ते थांबवावं. तामिळनाडूत तर शाळकरी मुलं जातीनुसार रंगीत दोरे मनगटाला बांधायची. नांगुनेरीतल्या दलित विद्यार्थ्यावरच्या हल्ल्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती के. चंद्रू समितीने २०२४मध्ये अशा दोऱ्यांवर आणि कपाळावरच्या जातखुणांवर बंदी सुचवली. कपाळावरच्या खुणांबाबत मला अजून निश्चित ठरवता येत नाही, पण दोऱ्यांबाबत समितीचं बरोबर आहे. जो दोरा दुसऱ्याला त्याची जागा दाखवण्यासाठी बांधला जातो, त्याला वर्गात थारा नको.

राहिला एकसारखेपणा. २०२३च्या अखेरीस शालेय पोषण आहारात अंडं आलं तेव्हा न खाणाऱ्यांना केळं द्यायचं ठरलं. एका पंगतीत अंडं आणि केळं शेजारी शेजारी आलं आणि शाळेची शिस्त काही मोडली नाही. माळेलाही तेवढीच सोय पुरे : कॉलरच्या आत राहू दे, कबड्डीच्या तासाला शर्टात नीट खोचलेली असू दे. स्कार्फला गणवेशाचा रंग, आणि प्रयोगशाळेत बर्नरजवळ टोकं पिनने घट्ट. केंद्रीय विद्यालयांत गणवेशाच्या रंगाचा स्कार्फ चालतो, हा दाखला कर्नाटकच्या खटल्यात दिलाच गेला होता. नेरळजवळच्या दामत-ममदापूरच्या स्कार्फ घालणाऱ्या मुलीला आणि खालापूरच्या माळकरी मुलाला मी एकाच नियमात बसवीन. एकाला हो आणि दुसरीला नाही असं मला म्हणता येणार नाही.

त्या आईंना एवढंच सांगतो : भांडू नका, शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि डिसेंबर २०२४मध्ये शासनाने गणवेशाचा निर्णय पुन्हा या समित्यांकडेच दिला आहे. अर्ज एका पानाचा करा. त्यात माळेबरोबर ताईत, स्कार्फ आणि चमकीही लिहा, आणि सही करायला त्या मुलांच्या आयांनाही बोलवा.

शिलाईचा हिशेब पुढच्या आठवड्यात नक्की. २०२४ साली बचत गटाने शिवलेला शर्ट कुणाच्या घरी अजून असेल तर तो टाकू नका, मला त्याची कॉलर बघायची आहे.